'टाइमपास' : हसवतो कोण, हसते कोण आणि चित्रपट पाहायचा कुठे



"सर, हा चित्रपट कुठे पाहायला मिळेल?" हा प्रश्न मला दर सत्रात एकदा तरी ऐकू येतो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात सिग्नल्स आणि सिस्टीम्स हा विषय शिकवतो. सत्रातली एक संध्याकाळ मात्र आम्ही चित्रपटासाठी राखून ठेवतो. त्या संध्याकाळच्या चर्चांमधूनच हे टिपण तयार झाले. प्रश्नाचे सरळ उत्तर पाचव्या भागात दिले आहे. घाई असेल तर ते आधी वाचा. पण 'कुठे' या शब्दात संकेतस्थळाच्या पत्त्याशिवायही बरेच काही असते, असे माझे म्हणणे आहे. ते पटते का, ते पाहण्यासाठी परत इथे या.

१. चित्रपटाची ओळख

'टाइमपास' हा रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला मराठी चित्रपट ३ जानेवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. याआधी त्यांचे 'नटरंग' (२०१०), 'बालगंधर्व' (२०११) आणि 'बालक-पालक' (२०१३) हे चित्रपट येऊन गेले होते. 'बालक-पालक'मध्ये वयात येणाऱ्या मुलांचे कुतूहल हा विषय होता. 'टाइमपास'मध्ये त्याच वयातले प्रेम आहे. प्रथमेश परब हा अभिनेता दोन्हींत आहे.

कथा थोडक्यात अशी. दगडू हा मुंबईतल्या गरीब घरातला मुलगा. दहावीत नापास झालेला, घरोघरी वर्तमानपत्रे टाकणारा. प्राजक्ता ही लेले यांची मुलगी. शिस्तीच्या, सुसंस्कृत म्हणवणाऱ्या घरातली, गाणे शिकणारी. दगडूच्या बाजूने सगळे सुरू होते ते नावाप्रमाणे 'टाइमपास' म्हणून, आणि पुढे ते खरे होते. प्राजक्ताच्या भूमिकेत केतकी माटेगावकर आहे, लेले यांच्या भूमिकेत वैभव मांगले आणि दगडूच्या वडिलांच्या भूमिकेत भाऊ कदम. संगीत चिनार-महेश यांचे. पटकथा-संवादांत प्रियदर्शन जाधव यांचा मोठा वाटा आहे. चित्रपट प्रचंड चालला. पुढे १ मे २०१५ रोजी दुसरा भाग आला आणि २०२२ मध्ये तिसरा.

मोबाइल अजून मुलांच्या हाती आलेला नाही, असा हा काळ आहे. मी त्याच काळात किशोरवयीन होतो. त्यामुळे माझे मत पूर्णपणे तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

२. एक चित्रपट, तीन खोल्या

हा चित्रपट मी तीन ठिकाणी पाहिला.

पहिल्यांदा नागपूरला, एका लग्नाला गेलो असताना, चित्रपटगृहात. सभागृह भरलेले होते. दगडू तोंड उघडायचा आणि मागच्या रांगांतून शिट्ट्या यायच्या. मी पोट धरून हसलो आणि फारसा विचार न करता बाहेर पडलो.

दुसऱ्यांदा जबलपूरला, दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरी, आईबरोबर दूरचित्रवाणीवर. दीक्षितपुरा हा आमच्या जुन्या शहराचा भाग. बडा फुहारा, कमानिया गेट पायी जाण्याच्या अंतरावर. इथल्या गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत आली आहेत. हा मुलूख १७९८ पासून १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता, आणि पुढे १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. मग राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर एकीकडे गेले, आम्ही दुसरीकडे राहिलो. घरातली मराठी मात्र तशीच राहिली, आणि तिच्यात हिंदी मुरत गेली. आम्ही "काय करतो आहेस" असे म्हणत नाही, "काय करून राहिला" म्हणतो.

तर, चित्रपट पाहताना लेले यांच्या एका झाडलेल्या वाक्यावर आई म्हणाली, "अरे, आपण स्वतःला लेले समजतो. पण बोलतो तर दगडूसारखंच!" ती हसत होती. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकायला लागलो.

तिसऱ्यांदा महाविद्यालयात, विद्यार्थ्यांबरोबर. साठेक मुले होती, त्यांतली मराठी घरची सात-आठ. बाकीच्यांसाठी पडद्यावर इंग्रजी उपशीर्षके. चित्रपट संपल्यावर मी ठरवून आणलेले प्रश्न विचारायला सुरुवात केली. तेवढ्यात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, दगडू हँसाता है. वो बस हँसती है."

मी आणलेले प्रश्न बाजूला ठेवले. या टिपणाचा उरलेला भाग म्हणजे त्या एका वाक्याला दिलेले उत्तर आहे.

३. विनोद भाषेत आहे

आधी चित्रपटाचे बळ कशात आहे ते पाहू. 'टाइमपास'मधला विनोद घटनांपेक्षा बोलण्यात जास्त आहे. दगडूची मराठी मुंबईच्या रस्त्यावरची. तिच्यात हिंदी मिसळलेली, आणि ती हिंदीही बरीचशी पडद्यावरून उचललेली. लेले यांची मराठी प्रमाण, घासूनपुसून ठेवलेली. पोरांनी त्यांना दिलेले 'शाकाल' हे टोपणनाव पाहा. 'शान' (१९८०) या हिंदी चित्रपटातल्या टक्कल असलेल्या खलनायकाचे ते नाव. त्या एका शब्दात पोरांनी लेले यांचे डोके, त्यांचा धाक आणि स्वतःची भीती अशा तीन गोष्टी सांगून टाकल्या आहेत. ही खरी विनोदबुद्धी. ज्याच्या हातात सत्ता नाही तो नाव ठेवून बदला घेतो. चाळीत हेच होते आणि तुमच्या वसतिगृहातही हेच होते. तुमच्या शिक्षकांची टोपणनावे आठवा. माझेही असणार.

म्हणजे या चित्रपटात भाषा हीच वर्गाची सीमा आहे. दगडू आणि प्राजक्ता यांच्यामध्ये पैसा आहे, जात आहे, शिक्षण आहे. पण हे सगळे पडद्यावर येते ते उच्चारांतून आणि शब्दांच्या निवडीतून. लेले यांना दगडूची परिस्थिती खुपते, तितकेच त्याचे बोलणेही खुपते. प्रेक्षक मात्र सतत दगडूच्या बाजूने हसतो. अशुद्ध ठरवलेली भाषा शुद्ध भाषेवर मात करते आणि सभागृह शिट्ट्या वाजवते. मराठी चित्रपटासाठी ही लहान गोष्ट नाही.

आता उपशीर्षकांकडे वळू. माझ्या विषयातला एक शब्द वापरतो. लो-पास फिल्टर संथ बदल जाऊ देतो आणि जलद, बारीक बदल अडवतो. संकेत ओळखू येतो, पण त्याचे कंगोरे जातात. इंग्रजी उपशीर्षके अशीच असतात. मराठीत 'तू' आहे, 'तुम्ही' आहे, 'आपण' आहे. कोण कुणाला काय म्हणतो यावर अर्धे नाते ठरते. इंग्रजीत या तिन्हींसाठी एकच शब्द. दगडू आणि लेले यांच्या मराठीतला फरक तर तिथे पूर्णच पुसला जातो, कारण दोघांची वाक्ये एकाच साच्यातल्या इंग्रजीत खाली उमटतात. गोष्ट समजते, पण ज्या सीमेवर ती उभी आहे ती सीमा दिसत नाही.

गंमत अशी की आमच्या सभागृहातल्या हिंदीभाषक मुलांना हा फरक उपशीर्षकांवाचूनच कळला. 'तू, तुम, आप' त्यांच्या कानांना सवयीचे होते आणि दगडूची हिंदी थेट पोहोचत होती. ती मुले वाचणाऱ्यांच्या आधी हसत होती.

४. विनोदाचा हक्क कुणाला?

आता त्या मुलीच्या वाक्याकडे येऊ. प्रणयप्रधान विनोदी चित्रपटात दोन माणसे एकमेकांच्या तोडीची असावी लागतात. ही तोड पैशाची किंवा रूपाची नसते, ती बोलण्याची असते. एकाने टाकलेला शब्द दुसऱ्याने झेलायचा आणि परत फेकायचा. त्या फेकाफेकीतूनच प्रेम जमते.

एक जुने उदाहरण घ्या. शेक्सपिअरच्या 'द टेमिंग ऑफ द श्रू' या नाटकावरून वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी 'त्राटिका' हे मराठी नाटक रचले. ते रंगभूमीवर खूप गाजले, आणि तोंडाळ बाईला त्राटिका म्हणणे ही तर भाषेतली वहिवाटच आहे. त्याच मूळ नाटकावरून १९९९ मध्ये हॉलिवूडने 'टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू' हा शाळकरी प्रेमपट काढला. मूळ नाटकात पुरुष बाईला वठणीवर आणतो, ही त्याची न पचणारी बाजू. पण नायिकेला जीभ आहे. १९९९ च्या चित्रपटात तर नायक पैसे घेऊन तिच्यामागे लागलेला असतो. म्हणजे तिथेही सुरुवात खोटी. मात्र ते तिला कळते, ती त्याला जाब विचारते आणि भर वर्गात आपली बाजू आपल्या शब्दांत मांडते. बिघडलेल्या सुरुवातीचा हिशेब मागणारी ती स्वतः असते.

प्राजक्ताकडे काय आहे? तिच्याकडे गाणे आहे. केतकी माटेगावकर ही स्वतः गायिका असल्यामुळे ते अस्सल वाटते. चित्रपटातले गाजलेले प्रेमगीत स्वप्नील बांदोडकर यांच्यासोबत तिनेच गायले आहे. तिच्याकडे लाजणे आहे, घाबरणे आहे आणि हसणे आहे. पण विनोद तिच्या वाट्याला जवळजवळ येत नाही. दगडू बोलतो, ती हसते, आणि तिचे हसणे म्हणजे होकार, असे दृश्यांचे गणित आहे.

हे गणित तुमच्या ओळखीचे आहे. हिंदीत 'हँसी तो फँसी' म्हणतात ना, तेच. याच नावाचा हिंदी चित्रपट 'टाइमपास'नंतर सुमारे महिन्याभराने, फेब्रुवारी २०१४ मध्ये आला होता. या म्हणीत मुलीचे हसणे हे उत्तर नसून सापळा बंद झाल्याचा आवाज असतो. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिच्या मागे मागे फिरणे हा २०१३ पासून आपल्या कायद्यात वेगळा गुन्हा आहे. आज तो भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात आहे. दगडू गुन्हेगार आहे असे मला म्हणायचे नाही, तो निरागसच रंगवला आहे. पण हसणे म्हणजे हो, हा धडा चित्रपटगृहातून घेऊन बाहेर पडणारा मुलगा दगडूइतका निरागस असेलच असे नाही.

आता शेवटाकडे पाहा. प्राजक्ताला दगडूपासून दूर नेले जाते, आणि तो निर्णय वडिलांचा असतो. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर आधारलेला सुजय डहाके यांचा 'शाळा' (२०१२) आठवा. तिथेही केतकी माटेगावकर आहे, शिरोडकरच्या भूमिकेत. आणि तिथेही शेवटी मुलगी गावातून निघून गेलेली असते. मुलगा मागे उरतो आणि आठवतो. पुढच्या एका लोकप्रिय चित्रपटाचे नावच 'ती सध्या काय करते' (२०१७) आहे. विचारणारा तो. ती काय करते हे तिला कुणी विचारत नाही. आपल्या किशोरवयीन प्रेमकथांत मुलगी बहुधा एक पत्ता असते, आणि तो पत्ता वडील बदलतात.

याला मोठा अपवाद २०१६ च्या 'सैराट'मधली आर्ची. ती ट्रॅक्टर चालवते आणि बुलेट चालवते, याची चर्चा खूप झाली. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की ती चेष्टा करते. परश्या लाजतो आणि ती त्याची फिरकी घेते. 'सैराट' शोकांतिका आहे, पण त्याच्या पूर्वार्धातला प्रणयविनोद 'टाइमपास'पेक्षा सरस आहे, कारण तिथे शब्द दोन्ही बाजूंनी फेकले जातात.

एक आक्षेप इथे येऊ शकतो, आणि आमच्या सभागृहात तो आलाही. त्या काळातली, तसल्या कडक बापाची मुलगी गप्पच असणार. दिग्दर्शकाने वास्तव दाखवले. मला हे पटत नाही. मी त्याच काळात दीक्षितपुऱ्यातल्या वाड्यात वाढलो. आमच्या घरातल्या मुली वडीलधाऱ्यांसमोर मान खाली घालून उभ्या राहत, हे खरे. पण त्याच मुली माडीवर जाऊन त्याच वडीलधाऱ्यांच्या अशा हुबेहूब नकला करत की खाली ऐकू जाऊ नये म्हणून आम्ही तोंडात रुमाल कोंबायचो. मुलीचे गप्प राहणे बैठकीत होते, माडीवर नव्हते. शाकाल हे नाव पोरांना सुचते. मग ज्या घरात तो शाकाल चोवीस तास राहतो, त्या घरातल्या मुलीला त्याहून नेमके नाव सुचले नसते का? दिग्दर्शकाने बैठक दाखवली. माडीवर जाण्याचे त्याने मनावर घेतले नाही.

मग चित्रपट वाईट आहे का? नाही. दगडूच्या भाषेला त्याने जो मान दिला, तो त्याच्या आधी फार थोड्यांनी दिला होता. प्रथमेश परब आणि वैभव मांगले यांचे काम आजही ताजे आहे. मला तो आवडतो. पण ज्याने वडिलांच्या शुद्ध भाषेची मक्तेदारी मोडली, त्याने मुलाच्या विनोदाची मक्तेदारी तशीच राहू दिली. त्याचे काम अर्धे झाले आहे.

५. कुठे पाहावा

(अ) घरबसल्या : 'टाइमपास' झी५ या मंचावर पाहता येतो, 'सैराट'ही तिथे आहे. चित्रपटांचे हक्क एका मंचाकडून दुसऱ्याकडे जात असतात, म्हणून पैसे भरण्याआधी चित्रपटाचे नाव शोधून खात्री करून घ्या. २००७ पासून सुरू असलेल्या झी टॉकीज या मराठी चित्रपट वाहिनीचे वेळापत्रकही पाहत जा.

(आ) महाविद्यालयात : प्रतिलिप्यधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२(१) मध्ये, म्हणजे इंग्रजी प्रतीतल्या 'जे' या उपकलमात, एक महत्त्वाची सवलत आहे. शैक्षणिक संस्थेच्या कामकाजाचा भाग म्हणून, केवळ कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि त्या कामकाजाशी संबंधित व्यक्तींसमोर चित्रपट दाखवला, तर तो हक्कभंग ठरत नाही. तिकीट लावून बाहेरच्यांना बोलावले तर ही सवलत उरत नाही. मंचाचे सदस्यत्व मात्र बहुधा वैयक्तिक वापरापुरते असते. त्याच्या अटी वेगळ्या वाचाव्यात आणि विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी.

(इ) चोरीची प्रत नको : चित्रपटगृहात चोरून चित्रण करणे आणि तशा प्रती पसरवणे यासाठी २०२३ च्या चलचित्र (सुधारणा) अधिनियमात किमान तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. शिवाय अशा प्रतींत आवाज फाटलेला असतो. आणि या चित्रपटात आवाज गेला तर सगळेच गेले.

(ई) कुणाबरोबर : माझ्या दृष्टीने खरा सल्ला हाच. हा चित्रपट कानात यंत्र घालून एकट्याने मोबाइलवर पाहू नका. ज्यांची भाषा तुमच्यापेक्षा थोडी वेगळी आहे अशा माणसांबरोबर पाहा. मराठी येत नसेल तर मराठी येणाऱ्या मित्राला शेजारी बसवा. मराठी येत असेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंबरोबर बसा. त्या कुठे हसतात, आणि सगळे हसत असताना कुठे गप्प राहतात, त्याकडे लक्ष ठेवा. मी एकट्याने पाहिला असता तर आईचे वाक्य ऐकले नसते आणि तिसऱ्या वर्षाच्या त्या मुलीचेही नाही. नागपूरच्या शिट्ट्यांवरच माझे मत कायम राहिले असते.

६. स्वाध्याय

१. उपशीर्षके बंद करून कोणतेही दहा मिनिटांचे दृश्य पाहा. कोण कुणाला 'तू' म्हणते आणि कोण 'तुम्ही', याचा तक्ता करा. हे संबोधन कुठे बदलते? त्या वेळी नात्यात काय घडते?

२. प्राजक्ता किती वेळा हसते आणि किती वेळा हसवते, हे मोजा. माझे म्हणणे चूक निघाले तर पुराव्यासह लिहा. चूक सापडणे हा या स्वाध्यायाचा सर्वांत चांगला निकाल ठरेल.

३. दगडूची सुरुवात 'टाइमपास' म्हणून झाली, याचा जाब चित्रपटात कोण, कुणाला, कोणत्या शब्दांत विचारते?

४. तुमच्या घरी बोलली जाणारी भाषा आणि पाठ्यपुस्तकातली भाषा यांतले पाच फरक नोंदवा. त्यांतल्या कोणत्या फरकाबद्दल तुम्हाला कधी कुणी हसले होते?

५. प्राजक्ता माडीवर आहे. मैत्रीण समोर बसली आहे आणि वडील खाली आहेत. ती वडिलांची नक्कल करते. हे दृश्य एका पानात, तुमच्या स्वतःच्या बोलीत लिहा.

पाचव्या प्रश्नाची उत्तरे आम्ही गेल्या सत्रात वर्गात मोठ्याने वाचली. बुंदेली, छत्तीसगढी, मराठी, मल्याळम अशा भाषांतली. साठ जणांत एकही प्राजक्ता गप्प बसलेली नव्हती.